पोथ्या गमावलेल्यांसाठी मराठी ओवीत पुराण लिहिणारा इंग्रज : फादर स्टीफन्स

अंबाजोगाईला गेलात तर योगेश्वरीच्या दर्शनानंतर दोन नावं हमखास कानावर पडतात. एक ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांचं, दुसरं दासोपंतांचं. दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा. गीतेवर सव्वा लाख ओव्यांची टीका लिहिणारा हा माणूस. अंगावर पांघरायच्या जाड्याभरड्या कापडावर त्यांनी लिहिलेली ‘पासोडी’ आजही बीड जिल्ह्याचा मोठा ठेवा मानली जाते.

दासोपंत अंबाजोगाईत ओव्या रचत होते, त्याच वर्षांत शेकडो किलोमीटर दूर गोव्यातल्या सासष्टीत आणखी एक माणूस ओव्या रचत होता. वयानं दासोपंतांच्या दोनेक वर्षं पुढे. अंगात काळा झगा, गळ्यात क्रूस, आणि जन्म इंग्लंडमधला. पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती १५८४ साली. तेव्हा या माणसाला गोव्यात येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि तो मराठी शिकत होता.

त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकांना तो फादर स्टीफन्स म्हणून माहीत आहे. मराठीची थोरवी सांगणारी त्याची ओवी अनेकांनी शाळेत वाचलेली असते, आणि दरवर्षी मराठी भाषा दिनाला ती मोबाईलवरून फिरत असते. मोगऱ्याची, कस्तुरीची, मोराची उपमा देणारी तीच ती. पण ती ओवी ज्या अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातली आहे, तो ग्रंथ कुणासाठी आणि कशामुळे लिहावा लागला, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

आधी थोडं मागे जाऊ. येशूनं आपल्या शिष्यांतून बारा जण निवडले आणि आपला संदेश घेऊन त्यांना जगात पाठवलं. पाठवलेले म्हणून ते ‘प्रेषित’. पीटर, योहान, थॉमस ही त्यांतलीच नावं. पौल नंतर आला, पण त्यालाही प्रेषितच म्हणतात. थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला, अशी तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. या पहिल्या प्रेषितांकडे सत्ता नव्हती. उलट सत्ता त्यांच्या मागे लागलेली होती. कुणाच्या तरी घरी चार माणसं जमायची, एकत्र भाकरी मोडायची आणि पौलाची आलेली पत्रं वाचून दाखवायची. ती पत्रंही ग्रीकमध्ये, म्हणजे त्या काळी बाजारात आणि बंदरात चालणाऱ्या भाषेत.

गोव्यात हे सगळं उलट्या क्रमानं झालं. आधी आलं आरमार. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १५४३ मध्ये सासष्टी आणि बारदेश हे तालुके आदिलशाहीकडून त्यांच्या हातात गेले. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर आले. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय सुरू झालं. १५६७ साली सासष्टीतली देवळं सरकारी हुकमानं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा त्याच सुमारास नदीपलीकडे आदिलशाही मुलखात हलवली गेली. आज आपण मंगेशीला, कवळ्याला दर्शनाला जातो, ती देवस्थानं तिथे आहेत याचं कारण हेच. देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. काही जाळल्या गेल्या, काही पाद्र्यांनी अभ्यासासाठी उचलून नेल्या.

जे गावात राहिले त्यांतले पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. कुणी मनापासून झाले, कुणी जमीन आणि गावकीतला हक्क टिकावा म्हणून, कुणी भीतीनं. त्यांच्या घरात आता जुना देव नव्हता. जुनी पोथी नव्हती आणि संध्याकाळी पुराण सांगणारा पुराणिकही नव्हता. रविवारी चर्चमध्ये जी पूजा चाले ती लॅटिनमध्ये. त्या भाषेचं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं.

या समाजात स्टीफन्स आपलं निम्म्याहून जास्त आयुष्य काढणार होता. तिथवर तो पोचला कसा, हीसुद्धा एक गोष्टच आहे.

थॉमसचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायरमधल्या बुश्टन गावी झाला. बाप व्यापारी. तो वाढला तो काळ राणी एलिझाबेथ पहिलीचा. इंग्लंडनं पोपशी संबंध तोडले होते आणि कॅथलिक असणं हा तिथे संशयाचा विषय झाला होता. थॉमस कॅथलिक होता. त्याला थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत मित्र भेटला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल व्हायचं ठरवलं. संशय येऊ नये म्हणून पाउंड मालक आणि थॉमस त्याचा नोकर, असं सोंग घेऊन ते गावोगाव फिरायचे. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळपास तीस वर्षं त्यानं तुरुंगात काढली. थॉमस निसटला, रोमला पोचला आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला.

परत इंग्लंडला गेला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज करणं अवघड नाही. त्याच संघातला एडमंड कॅम्पियन हा विद्वान इंग्रज पाद्री गुपचूप मायदेशी परतला आणि १५८१ मध्ये लंडनला त्याला फासावर चढवलं गेलं. थॉमसनं मात्र हिंदुस्थान मागून घेतला. म्हणजे स्वतःच्या देशात धर्मामुळे छळ सोसणाऱ्या लोकांमधला हा माणूस, आणि तो निघाला होता अशा जागी, जिथे त्याच्या धर्माच्या नावानं दुसऱ्यांचा छळ चालला होता. हा विरोधाभास त्याच्या स्वतःच्या मनात कधी आला का, ते त्याच्या लिखाणावरून दिसत नाही.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाजं सुटली. २४ ऑक्टोबरला ती गोव्याला लागली. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाची हकिगत त्यानं वडिलांना लांबलचक पत्र लिहून कळवली. ताजं अन्न न मिळाल्यानं हिरड्या सुजून माणसं कशी लोळागोळा होतात, दीडशेहून जास्त लोक आजारी पडूनही सत्तावीसच दगावले म्हणून सगळ्यांना कसं हायसं वाटलं, वाटेत कोणते पक्षी आणि मासे दिसले, हे सगळं त्यात आहे. गोव्यात पाणी चांगलं मिळतं आणि नारळापासून प्यायला काय काय होतं, हेही तो सांगतो. इंग्लंडहून येऊन हिंदुस्थानात मुक्काम करणारा, ज्याची नीट नोंद आहे असा हा पहिला इंग्रज. ते पत्र पुढे लंडनला छापलं गेलं आणि व्यापाऱ्यांनी ते आवडीनं वाचलं.

गोव्यात त्यांना दीक्षा मिळाली, फादर स्टीफन्स झाले. पोर्तुगीज त्यांना पाद्रे इस्तेव्हांव म्हणत. लवकरच त्यांची रवानगी सासष्टीत झाली आणि मधला थोडा काळ सोडला तर पुढची सगळी वर्षं त्यांनी याच तालुक्यात काढली.

सासष्टीतल्या सुरुवातीच्या वर्षांतच कुंकळ्ळीचं प्रकरण घडलं.

कुंकळ्ळी आणि आजूबाजूची गावं पोर्तुगीजांना सहजासहजी नमली नव्हती. त्यांनी सारा थकवला, पाडलेली देवळं पुन्हा उभी केली, सैन्य आलं, देवळं परत पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा बघायला काही पाद्री तिथे गेले. त्यांचे प्रमुख होते रुदोल्फो आक्वाव्हिवा. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारात धर्मचर्चा करत होते. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. पाच येशूसंघी आणि त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती मारले गेले. नंतर पोर्तुगीजांनी तिथल्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार मारलं. कॅथलिक चर्च त्या पाच पाद्र्यांना हुतात्मे मानतं. कुंकळ्ळीत आज त्या गावकऱ्यांचंही स्मारक उभं आहे, आणि तिथले लोक त्यांना पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढलेले पहिले वीर मानतात.

मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून त्यांचा दफनविधी करण्याच्या कामात स्टीफन्स होते. चौतीस वर्षांच्या माणसानं हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दोन वाटा समोर असतात. या लोकांचा कायमचा राग धरायचा, नाहीतर ते असे का वागले हे समजून घ्यायला त्यांची भाषा शिकायची. स्टीफन्स भाषा शिकत राहिले. मात्र त्यांना फार साधुपुरुष करून ठेवायचं कारण नाही. ज्या राजवटीनं देवळं पाडली तिच्याच आश्रयाला ते राहत होते, आणि त्या पाडापाडीविरुद्ध त्यांनी आवाज उठवल्याची नोंद नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्यात त्यांनी नोंदवलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे विल्यम जोन्स यांचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ सालचं, म्हणजे तब्बल दोनशे वर्षांनंतरचं. स्टीफन्स यांनी या निरीक्षणावरून कुठला सिद्धांत मांडला नाही. घरच्या पत्रात एक ओळ लिहिली आणि पुढच्या कामाला लागले.

याच सुमाराला एक मजेशीर गोष्ट घडली. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन साथीदार असे चार इंग्रज होर्मुझहून कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. हेर असल्याचा आरोप. तुरुंगात पडलेल्या या लोकांना जामीन मिळवून देण्यासाठी धावपळ केली ती स्टीफन्स यांनी. त्यांतला एक चित्रकार येशूसंघीयांसाठी काम करायला राहिला. बाकीचे संधी मिळताच १५८४ मध्ये आदिलशाही मुलखात पळून गेले. फिच पुढे हिंदुस्थान, ब्रह्मदेश फिरून १५९१ मध्ये लंडनला पोचला आणि ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी त्याच्याकडून माहिती घेतली. धर्म वेगळा असलेल्या देशबंधूंना सोडवणाऱ्या पाद्र्याला यातलं काहीच ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आता मूळ ग्रंथाकडे येऊ.

सासष्टीत घराघरात बोलली जायची ती कोकणी. पण देवाधर्माचं काही ऐकायचं, वाचायचं म्हटलं की भाषा मराठी. कथा-पुराणं, ज्ञानदेव-नामदेवांचे ग्रंथ, महाभारतातली आख्यानं मराठीतून ऐकायची तिथली जुनी सवय होती. पाद्र्यांनी हस्तगत केलेल्या पोथ्यांच्या काही नकला रोमन लिपीत उतरवल्या गेल्या. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात त्या अजून आहेत. रामायण-महाभारतातल्या कथा आहेत, मराठी आणि कोकणी, दोन्ही. ज्या पोथ्या घरात ठेवणं लोकांना धोक्याचं झालं होतं, त्या पाद्र्यांच्या मठात मात्र अभ्यासाला उपलब्ध होत्या. स्टीफन्स यांच्या ओवीला जे सहज वळण आहे, ते अशा पोथ्या मन लावून वाचल्याशिवाय येत नाही.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच स्टीफन्स यांनी तो कसा सुचला ते सांगितलं आहे. सासष्टीत रविवारी दुपारी मुलांना आणि मोठ्यांना धर्मशिक्षण दिलं जायचं. तिथे एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढे आला. हे प्रश्नोत्तरांचं शिक्षण ठीक आहे, पण आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तुमच्या धर्माचं पुराण आमच्या भाषेत का देत नाही, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं होतं. लोकांना कथा ऐकायला मिळेल, वेळ चांगला जाईल, असंही तो सुचवतो.

हा प्रसंग खरंच असाच घडला की प्रस्तावनेसाठी रचला, याला फारसं महत्त्व नाही. श्रोत्यानं विचारायचं आणि गुरूनं सांगायचं ही पुराणांची जुनीच रीत. महत्त्वाचं हे की तक्रार नोंदवली गेली. पोथ्या काढून घेतल्यावर माणसाच्या आयुष्यात मोकळी जागा पडते, हे ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या तोंडून एका पाद्र्यानं लिहून ठेवलं आणि चर्चच्या परवानगीनं छापून आणलं. त्या काळच्या गोव्यात ही लहान गोष्ट नव्हती.

स्टीफन्स यांनी दिलेलं उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. दोन भाग. पहिल्या ‘पैले पुराणा’त जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांपर्यंतची जुन्या करारातली कथा, ३६ अध्यायांत. ‘दुसरे पुराण’ म्हणजे येशूचं चरित्र, ५९ अध्यायांत. अध्यायाला त्यांनी ‘अवस्वरू’ असा शब्द वापरला आहे. एकूण ओव्या १०,९६२.

ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी भाषेबद्दल स्पष्ट खुलासा केला आहे. देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य म्हणून मराठी निवडली. पण जुन्या कवींची अवघड मराठी आजच्या सामान्य माणसाला समजत नाही, म्हणून कठीण शब्द गाळले आणि तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द घातले. आज कुणी वेबसाईटसाठी लिहिताना जो विचार करतो तोच हा विचार. वाचणारा कोण आणि त्याला काय कळेल?

खरी कसरत होती ती शब्दांची. त्या काळचे पाद्री धर्माचे मुख्य शब्द पोर्तुगीजच ठेवायचे, कारण स्थानिक शब्द घेतला की त्याला चिकटून जुना देव येईल ही भीती. स्टीफन्स यांनी सगळीकडे हा नियम पाळला नाही. स्वर्गाला त्यांनी चक्क वैकुंठ म्हटलं. हे धाडसाचं होतं. ऐकणाऱ्याच्या आजोबांनी वैकुंठात विष्णू पाहिला होता, नातवाला आता त्याच वैकुंठात येशू पाहायचा होता. त्याला हे पटत असेल की घुसमट होत असेल? दोन्ही झालं असावं. पण सेउ म्हणजे पोर्तुगीजांचा स्वर्ग ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहिलं नसतं. वैकुंठ म्हटल्यावर जागा कळत होती.

पहिल्या शतकातल्या प्रेषितांनीही हेच केलं होतं. येशू बोलायचा अरामी, त्याची कथा लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि देवासाठी ग्रीकांचाच शब्द वापरला गेला. फरक एवढाच की ग्रीक ऐकणाऱ्याला नको असेल तर उठून जाता येत होतं.

ग्रंथ तर लिहिला, छापायचा कसा? गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. हिंदुस्थानातला हा पहिलाच. पण खिळे रोमन अक्षरांचे. स्टीफन्स यांना इथल्या लिपीत छापायचं होतं. १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्यासाठी परवानगी मागितली. अडचण अशी की आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं. साधारण सहाशे साचे लागतील असा हिशेब होता, तो युक्तीनं दोनशेपर्यंत खाली आणता येतो, असं त्यांनी कळवलं. देवनागरीचे टाईप बनवणाऱ्यांनी पुढची तीनशे वर्षं ज्या प्रश्नाशी झुंज दिली, तोच हा प्रश्न. स्टीफन्स यांच्या हयातीत ते खिळे काही पडले नाहीत. १६१६ साली राचोलच्या येशूसंघी विद्यालयात ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन अक्षरांत.

ग्रंथ लोकांनी उचलून धरला. रविवारी आणि सणासुदीला चर्चमध्ये तो वाचून दाखवला जाऊ लागला, जसं पूर्वी देवळात पुराण वाचलं जायचं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्याची परंपराही तयार झाली. एस्तेव्हांव द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्यानं प्रेषित पीटरच्या जीवनावर मराठी ओव्यांत मोठा ग्रंथ रचला. १६२९ आणि १६३४ मध्ये तो दोन खंडांत छापला गेला आणि ‘पीटर पुराण’ म्हणून ओळखला जातो. रोममध्ये मारला गेलेला गालीलचा कोळी सासष्टीच्या लोकांना भेटला तो ओवीतून.

यातही जातीचं गणित होतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मागणी करणारा श्रोता ब्राह्मण, पुराण ऐकायची सवय असलेला. धर्म बदलला तरी गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जाती राहिल्याच. मराठी ओवी जास्त जवळची होती ती शिकलेल्या घरांना. शेतात राबणाऱ्या माणसांसाठी आणि मुलांसाठी स्टीफन्स यांनी वेगळी सोय केली. कोकणीत प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तिका लिहिली. शिवाय नव्यानं येणाऱ्या पाद्र्यांना बोली शिकता यावी म्हणून कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. पुस्तिका १६२२ मध्ये छापली गेली, व्याकरण १६४० मध्ये, इतर पाद्र्यांनी भर घातल्यावर. छापलेलं असं हिंदुस्थानी भाषेचं हे पहिलं व्याकरण मानलं जातं. स्टीफन्स यांनी ही दोन्ही पुस्तकं छापलेली पाहिली नाहीत. १६१९ मध्ये, सत्तरीच्या आसपास, गोव्यातच त्यांचं निधन झालं. चाळीस वर्षांत ते मायदेशी गेले नाहीत.

त्यानंतर वारं फिरलं. स्टीफन्स यांच्या पिढीतल्या पाद्र्यांना लोकांची भाषा शिकणं हे कर्तव्य वाटायचं, पुढच्यांना त्याचा कंटाळा आला. १६८४ साली व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षांत काय, तीनशे वर्षांतही कोकणी गेली नाही. पण मराठीतलं ख्रिस्ती लिखाण मात्र हळूहळू थांबलं. ज्या समाजाची पोथी एकदा गेली होती, त्याच्या हातून ही दुसरीही सुटत चालली. रोमन अक्षरांतल्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही.

ग्रंथ वाचला तो गोव्याबाहेर. सतराव्या-अठराव्या शतकात गोव्यातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला मंगळूरच्या बाजूला जाऊन वसली. जाताना त्यांनी हातानं लिहून घेतलेल्या नकला नेल्या. घरच्या मोठ्यांनी ओव्या म्हणायच्या, लहानांनी ऐकायच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. टिपू सुलताननं १७८४ मध्ये या लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हाही या पुराणाचा आधार होता असं त्यांच्यात सांगितलं जातं. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ते अभ्यासकांच्या हाती आलं. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली आणि रोमन लिपी बघून बिचकणाऱ्या मराठी वाचकाला ते पहिल्यांदा घरबसल्या वाचता आलं.

या दोन तारखांच्या मधे आणखी एक शोध लागला. १९२०च्या दशकात लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचं देवनागरी लिपीतलं जुनं हस्तलिखित सापडलं. त्यातली भाषा रोमन प्रतींपेक्षा जास्त संस्कृत वळणाची. स्टीफन्स यांनी मुळात लिहिलं ते कुठल्या लिपीत, हा वाद त्यातून सुरू झाला आणि अजून पूर्ण मिटलेला नाही.

हे हस्तलिखित ओळखणारे होते जस्टिन अॅबट. महाराष्ट्रात अनेक वर्षं काम केलेले अमेरिकन मिशनरी. निवृत्त झाल्यावर मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं आणि त्याची एक मालिकाच काढली. त्या मालिकेतलं एक पुस्तक अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या चरित्राचं आहे.